उशाशी बसणारी माणसे : प्रस्तावना

कोकण म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र, माड आणि होड्या उभ्या राहतात, त्यांना कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचे कोकणीपण सहसा ध्यानात येत नाही. माथेरान व इर्शाळगड यांच्या पायथ्याशी, भीमाशंकराच्या कड्याखाली, उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत ही वस्ती पसरलेली आहे, आणि बोरघाट चढण्यापूर्वी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या कर्जतच्या फलाटावर विसावत आल्या आहेत. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव १९८१ साली जाऊन रायगड हे नाव आले. तथापि येथील वयोवृद्ध मंडळींच्या बोलण्यात कुलाबा अद्याप नांदतो. या मंडळींच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या उशाशी कोण बसते, बसणाऱ्याला काय ठाऊक असावे लागते, त्याला त्याचा मोबदला काय मिळतो आणि त्याच्या स्वतःच्या शरीराचे व मनाचे पुढे काय होते, हा या ग्रंथाचा विषय आहे. वृद्धांच्या व्यथांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, कुटुंबाच्या कर्तव्याविषयी त्याहूनही अधिक लिहिले गेले. परंतु मध्यरात्री उठून दुसऱ्याची कूस बदलणाऱ्या माणसाचा विचार क्वचितच झाला, आणि जेव्हा झाला तेव्हा तो स्तुतीच्या दोन वाक्यांत आटोपण्यात आला. ही शुश्रूषा एक विद्या आहे, ती शिकावी लागते, आणि जो ती करतो त्याला विसावा मिळाल्यावाचून ती फार काळ टिकत नाही, असे माझे दृढ मत आहे. पुढील सर्व विवेचन या मताच्या आधाराने वाचावे, अशी माझी विनंती आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसे एक कोटीहून अधिक होती, म्हणजे शंभरांत सुमारे दहा. हे प्रमाण तेव्हापासून वाढतच आले आहे. परंतु सरासरीच्या आकड्यात येथील वार्धक्याचे निरनिराळे चेहरे दिसत नाहीत.

पहिला चेहरा लोकलगाडीने घडविलेला आहे. कर्जत मुंबईपासून सुमारे शंभर किलोमीटर, खोपोली त्याच्याही पलीकडे. आणि तरीही या दोन्ही स्थानकांतून पहाटेच्या अंधारात गाडी पकडून ठाणे, दादर, भायखळा येथे नोकरीस जाणारी आणि रात्री जेवणाची वेळ टळून गेल्यावर परतणारी हजारो माणसे आहेत. दक्षिण कोकणातील चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो. येथील चाकरमानी रोज घरी येतो, मात्र झोपण्यापुरता. त्यामुळे मुलगा परगावी गेला अशी तक्रार येथील म्हाताऱ्याला करता येत नाही, आणि मुलगा जवळ आहे असे समाधानही त्याच्या वाट्याला येत नाही. सून बहुधा खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात किंवा बदलापूर-अंबरनाथकडे कामाला असते. दिवसाचे चौदा-पंधरा तास घरात दोन वृद्धच उरतात, आणि त्यांच्यापैकी जो थोडा धडधाकट, तो दुसऱ्याचा परिचारक ठरतो. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला संधिवाताने वाकलेल्या बोटांनी उठवून बसविणारी पंचाहत्तर वर्षांची स्त्री, ही या भागातील सर्वांत मोठ्या संख्येने असलेली आणि कोणत्याही हजेरीपटावर नाव नसलेली परिचारिका आहे.

डोंगरातील वाड्यांवर चित्र अगदी वेगळे आहे. ठाकूर आणि कातकरी यांच्या वस्त्या या दोन्ही तालुक्यांत जागोजागी आहेत. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांच्या अंगात भट्टीवर राबण्याची ताकद उरलेली नाही अशी म्हातारी माणसे वाडीवर राहतात, आणि त्यांचे दाणापाणी मागे राहिलेल्या एखाद्या शेजाऱ्याच्या भरवशावर चालते. अशा माणसाला पक्षाघात झाला, तर त्याला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणायला चार खांदे लागतात, आणि ते खांदे नेमके त्या महिन्यांत गावात नसतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीला धावलेल्या पथकांना भर पावसात डोंगर पायी चढावा लागला, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. वाडीवरील आजारी माणूस आणि चौकचे ग्रामीण रुग्णालय यांच्यामधला रस्ता त्या एका रात्रीपुरता आपल्या सर्वांच्या दृष्टीस पडला. तो रस्ता रोजचाच आहे. उपकेंद्रावरील ए.एन.एम. सिस्टर तो चढते, परंतु तिच्या नोंदवह्यांत गरोदर माता आणि लसीकरणाची बालके यांचा क्रम आधी लागतो. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी व अंथरुणावरील रुग्णांना घरी जाऊन भेट, अशी तजवीज त्यात कागदोपत्री केलेली आहे. आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असा शासनाचा निकष आहे; तीन हजार माणसे पायी सांभाळणाऱ्या एका स्त्रीने लकव्याच्या रुग्णाची पाठ आठवड्यातून किती वेळा पाहावी, हे मात्र निकष सांगत नाही.

तिसरा चेहरा बाहेरून आलेला आहे. मुंबईचे पैसे आणि मुंबईचे वार्धक्य ही दोन्ही गेल्या काही दशकांत डोंगराच्या या बाजूला उतरली. नेरळजवळ डिग्निटी फाउंडेशनची ज्येष्ठांसाठीची वसाहत आहे आणि तेथे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचीही सोय आहे. खोपोलीत रमाधाम हा वृद्धाश्रम आहे. शेतघरांत एकट्याने किंवा जोडीने राहणारे निवृत्त लोक तर किती आहेत याची गणती करणे अवघड. त्यांच्या उशाशी बसणाऱ्या मुली मात्र येथल्याच गावांतल्या आणि वाड्यांवरच्या. ज्या मुलीने शहरी घराचे न्हाणीघर आयुष्यात प्रथम पाहिले, तिला एका उच्चविद्याविभूषित, चिडखोर, गुजराती वा इंग्रजी बोलणाऱ्या वृद्धाचे सर्व देहधर्म सांभाळावे लागतात, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची भाषा पुरती कळत नाही. अशा जोड्या जमतात, कित्येकदा पोटच्या नात्याहून घट्ट जमतात. परंतु त्या जमेपर्यंतचे पहिले महिने दोघांनाही किती जड जातात, याची कल्पना वृद्धाला येथे ठेवून परतीची गाडी पकडणाऱ्या नातलगांना क्वचितच असते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण ‘म्हाताऱ्या माणसाचे करायचे त्यात काय शिकायचे’ हा समज सर्व अनर्थांचे मूळ आहे.

पाठीच्या जखमेचेच उदाहरण घ्या. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर आणि डोक्याच्या मागच्या भागावर हाड व गादी यांच्यामध्ये त्वचा चेपली जाते, तेथील रक्तप्रवाह तुटतो, आणि प्रथम केवळ लालसर दिसणारा चट्टा पाहता पाहता हाडापर्यंत खोल जातो. तो होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि तीही पूर्ण आडवी नव्हे, पाठीमागे उशी देऊन किंचित कलती. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी सोडाव्या लागतात. चादरीची एक चुणीही राहू द्यायची नसते. हे करताना शिकलेला आणि न शिकलेला हात यांतील भेद तत्काळ कळतो. न शिकलेला हात लालसर चट्टा दिसताच मायेने तो चोळू लागतो, आणि आधीच चेपलेली ती नाजूक त्वचा त्या चोळण्याने आणखी फाटते. शिकलेला हात तेथे दाब पडणे थांबवतो आणि त्या जागेला अजिबात रगडत नाही. माया दोन्ही हातांत सारखीच आहे. फरक ज्ञानाचा आहे. हवेची गादी पुष्कळ साहाय्य करते, परंतु ती विजेवर चालते, आणि आषाढात या भागातील वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. तेव्हा रात्रभर पुन्हा त्याच दोन हातांवर भिस्त येते.

दुसरे उदाहरण मनाचे. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज एकाएकी असंबद्ध बडबडू लागते, अंगावरचे कपडे ओढते, भिंतीवर कोणीतरी उभे आहे असे सांगते. घरातील कोणी म्हणते, वय झाले. कोणी म्हणते, वात झाला. कोणी भगताकडे जाण्याची गोष्ट काढते. जाणती परिचारिका मात्र प्रथम लघवीचा रंग पाहते, शौचास केव्हा झाली ते विचारते, नवे झोपेचे औषध कोणी सुरू केले काय याची चौकशी करते, कारण वृद्धांत लघवीचा संसर्ग पुष्कळदा ताप न येता अशा भ्रमाच्या रूपानेच प्रकटतो, आणि रक्तातील क्षार उतरल्यानेही तीच अवस्था होते. हा भ्रम काही तासांत वा दिवसांत उद्भवतो आणि कारण दूर होताच बहुधा ओसरतो. स्मृतिभ्रंश महिनोन् महिने, वर्षानुवर्षे हळूहळू चढत जातो. या दोहोंतला भेद ओळखणारा पहिला माणूस डॉक्टर नसतो. काल ही कशी होती हे ज्याला ठाऊक आहे, तोच तो भेद ओळखू शकतो, आणि तो म्हणजे उशाशी बसलेला माणूस. आपल्या वैद्यकव्यवस्थेत या साक्षीदाराची साक्ष सर्वांत शेवटी आणि सर्वांत अनिच्छेने नोंदली जाते.

भरविणे हेही असेच. पक्षाघाताच्या रुग्णाला आडवे ठेवून पाण्याचा घोट दिला, तर तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनियाला आमंत्रण देतो. अशा रुग्णाला पातळ पाण्यापेक्षा दाट पेज गिळणे पुष्कळदा सोपे जाते. भरविल्यानंतर अर्धा तास तरी त्याला बसता ठेवावे लागते. आणि औषधांची पिशवी! कर्जतचे डॉक्टर, पनवेलचे हृदयरोगतज्ज्ञ आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातील जुना कागद, या तिघांनी लिहिलेल्या गोळ्या एकाच डब्यात जमतात, आणि एकाच औषधाच्या दोन कंपन्यांची दोन नावे असल्यामुळे तेच औषध दिवसातून दुप्पट पोटात जाते. ही चूक बहुधा पाकिटावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय असलेल्या एखाद्या तरुण ताईच्याच लक्षात येते.

स्मृतिभ्रंशाविषयी ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून येथे एवढेच सांगतो. दिवे लागण्याच्या सुमारास अस्वस्थ होऊन, स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ असा धोशा लावणाऱ्या वृद्धेला ‘हेच तुझे घर’ असे दहा वेळा पटवून देण्यात अर्थ नसतो. तिच्या मनातील घर कोणते, तेथे कोण होते, दारात कोणते झाड होते, हे विचारणारी बाई तिला अर्ध्या तासात शांत करते. कर्जतजवळच, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचविणारी श्रद्धा ही संस्था आहे. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हरवलेल्या माणसाकडून त्याचे गाव आणि त्याची माणसे हळूहळू काढून घेणे हे तेथील कामाचे एक अंग आहे. आपल्या आईशी बोलताना तेवढाच धीर धरणे कोणाही सुशिक्षित मुलाला शिकता येण्याजोगे आहे.

शुश्रूषा कोणत्या उंचीस जाऊ शकते याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला. मेंदूस इजा होऊन ती कायमची अंथरुणास खिळली, आणि १८ मे २०१५ रोजी तिचे निधन होईपर्यंत त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी तिला सांभाळले. तोवर सदतीस वर्षे अंथरुणावर असूनही तिच्या पाठीला जखम होऊ दिली नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आपल्या निवाड्यात घेतली आणि त्या परिचारिकांचा मुक्तकंठाने गौरव केला. मी या घटनेकडे भक्तीने पाहतो. परंतु तिच्यातून निघणारा व्यवहारही पाहतो. हे अद्भुत कार्य एकट्यादुकट्या त्यागमूर्तीने केलेले नाही. पाळीपाळीने येणारे, शिकलेले, एकमेकींना हकीकत सोपवून घरी विश्रांतीस जाणारे पुष्कळ हात तेथे होते, आणि त्या हातांना पगार व रजा होती. आपण घरातील एका सुनेकडून, किंवा शुश्रूषेसाठी बाया पुरविणाऱ्या ब्युरोतून आणलेल्या चोवीस तासांच्या बाईकडून तीच अपेक्षा करतो, आणि ती पुरी झाली नाही की तिच्या स्वभावाला दोष देतो.

या अन्यायाला इतिहास आहे. परक्याच्या देहाला, त्यातही परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श करण्याचे काम कुलीन घरातील स्त्रीने करू नये, हा ग्रह आपल्या समाजात खोल रुजलेला होता, आणि विधवांनी व परित्यक्तांनी हा व्यवसाय शिकावा यासाठी पुण्याच्या सेवासदनाच्या द्वारे खटपट करताना रमाबाई रानडे यांना या ग्रहाशी झगडावे लागले. सेवासदन १९०९ साली स्थापन झाले आणि त्यातील विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या. शतकाहून अधिक काळ लोटला; परिचारिकेला आज ‘सिस्टर’ म्हणून मान मिळतो, परंतु मान आणि मुशाहिरा यांची गाठ पडतेच असे नाही. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या दुःस्थितीची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१६ साली न्यायालयाच्या हुकमाने नेमलेल्या समितीने पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयातसुद्धा दरमहा वेतन २०,००० रुपयांखाली असू नये, अशी शिफारस केली. शिफारशीचा अंमल राज्यांच्या मर्जीवर राहिला. आणि हे झाले नोंदणीकृत परिचारिकांचे. ज्यांना ‘मावशी’ किंवा ‘बाई’ म्हणून हाक मारली जाते, ज्यांच्यापाशी दाखला नाही, ज्यांच्या मजुरीतून ब्युरोचे कमिशन वजा होते, त्यांच्यासाठी अशी शिफारससुद्धा कोणी केलेली नाही.

त्यांच्या हालांपैकी काहींचा उच्चार संकोच सोडून केला पाहिजे. जमिनीवरील अंथरुणातून जड माणसाला उचलता उचलता पस्तिशीतच त्यांची कंबर जाते. खाटेच्या पायांखाली विटा ठेवून तिची उंची वाढविली आणि रुग्णाखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी मिळून सरकविले, तर यातील पुष्कळसा त्रास टळतो, पण त्यासाठी घरातील दुसऱ्या माणसाला उठून यावे लागते. घरातील एखादी वस्तू सापडेनाशी झाली की पहिला संशय बाईवर. भ्रमिष्ट रुग्णाने मारले, थुंकले, तर ते सोसायचेच. परंतु शुद्धीवर असलेल्या पुरुषाने अंगाला हात लावला तर? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरालाही कामाची जागा मानले आहे आणि तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर समिती ठेवली आहे. पण वाडीवरची मुलगी एका दिवसाची मजुरी बुडवून कर्जतहून अलिबागची वाट धरील, अशी आशा कोणी ठेवावी? शिवाय ज्या वृद्धाचे सर्व काही वर्षभर केले तो निवर्तला, की दुसऱ्या दिवशी तिचे काम सुटते. नातलगांना सुतक असते, सांत्वनाला माणसे येतात. तिचे दुःख कोणी विचारीत नाही, आणि ती नव्या घरी नव्या अंथरुणाजवळ जाऊन बसते.

कायद्याने काही केले नाही असे मी म्हणत नाही. आईवडिलांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यान्वये कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतील वृद्धाला कर्जतच्या प्रांताधिकाऱ्यांपुढे वकिलावाचून अर्ज करता येतो, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेली जमीन, ती अट मोडल्यास परत मिळण्याची वाटही या कायद्यात आहे. आणि ज्या भागात शेतघरांसाठी जमिनी विकल्या जाऊन सातबाऱ्यावरील नावे झपाट्याने बदलली, तेथे हे कलम वृद्धांना तोंडपाठ असावयास हवे. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपयेही निराधाराला मिळतात, जरी ही रक्कम बारा तासांच्या बाईच्या थोड्याच दिवसांच्या मजुरीत संपते. पण प्रांतांच्या हुकमाने पैसा मिळतो. कूस बदलणारा हात मिळत नाही. तो हात तयार करण्याचे काम कोणत्या खात्याचे, याचे उत्तर आज कोणत्याच दप्तरात नाही.

माझी सूचना लहान आहे. पक्षाघाताचा किंवा खुबा मोडलेला वृद्ध कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून, किंवा कशेळ्याच्या वा चौकच्या ग्रामीण रुग्णालयातून घरी सोडला जातो, तेव्हा कागद, गोळ्या आणि पुढची तारीख एवढेच त्याच्या माणसांच्या हाती पडते. त्याआधीचे दोन दिवस, घरी जो कोणी त्याचे करणार असेल त्या सुनेला, नातवाला किंवा मावशीला वॉर्डातील सिस्टरने आपल्याबरोबर उभे करावे. कूस बदलणे, भरविणे, नळी स्वच्छ ठेवणे हे तिच्या हातून करवून घ्यावे. आणि ते जमले अशी नोंद केल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही होऊ नये. यासाठी नवी इमारत लागत नाही. सिस्टरला मात्र तेवढा वेळ लागतो, आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक पाळल्याशिवाय तो वेळ तिच्यापाशी येणार नाही.

तोवर हा ग्रंथ हाताशी असावा. ज्यांच्या घरी आजच कोणी अंथरुणाला खिळले आहे त्यांनी ही प्रस्तावना बाजूस ठेवून पाठीच्या जखमांचे प्रकरण प्रथम वाचावे आणि त्यातील वेळापत्रक खाटेजवळच्या भिंतीवर लावावे. ज्यांनी बाई ठेवली आहे त्यांनी रजेविषयीचे प्रकरण तिच्यासमवेत बसून, मोठ्याने वाचावे, आणि आठवड्यातील कोणत्या दिवशी ती घरी जाणार व त्या दिवशी तिच्या जागी कोण बसणार, हे त्याच बैठकीत ठरवून टाकावे.